लारीवरची भागीरथी

नवमी अगदी तोंडावर आली तरी हिलालला सवाशीण मिळाली नव्हती.

पितृपक्षातली नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची. त्या दिवशी नवरा हयात असलेली एखादी बाई घरी बोलवायची, तिला हळदकुंकू लावायचं, पाटावर बसवून पोटभर वाढायचं. ती जेवली की गेलेली जेवली. भागीरथीला जाऊन वर्ष फिरलं होतं. वर्षभर ती कुठेच नव्हती, घरातही नाही आणि पितरांतही नाही. या नवमीला कोणी तिच्या नावानं जेवलं की ती सासू, आजेसासूच्या ओळीत जाऊन बसणार होती. तिचं तेवढंच एक करायचं राहिलं होतं. हिलालला वाटलं होतं, यात अवघड काय आहे? सुरतेत वेड रोडच्या त्या चाळीत निम्मी बिऱ्हाडं खानदेशातली. सवाशिणींना काय तोटा?

पण चाळीतल्या सवाशिणींना नेमकी त्याच दिवशी कामं निघाली. एकीला बारडोलीला बहिणीकडे जायचं होतं. एकीनं नुसतं हसून पदराला हात पुसले. शेजारची प्रमिलाबाई उंबऱ्यात उभी राहून खालच्या आवाजात म्हणाली, "माले काय भाऊ, मी येसू. पन सासू ऐकत नही." आत सासू खोकत होती. ऐकू येईल असं खोकत होती. खरा शब्द कोणीच उच्चारला नाही. गेल्या वर्षापासून चाळीत त्या शब्दाला 'तो आजार' म्हणत.

मग हिलाल पर्वत पाटियाला भिकनकडे गेला. भिकन त्याचा मावसभाऊ, धाकटा. साडीच्या दुकानात घड्या घालायच्या कामावर होता. त्याची बायको सुवर्णा हसतमुख, बोलकी. भागीरथीशी तिचं चांगलं जमायचं.

"या भाऊजी, बठा. च्या ठेवस," ती म्हणाली.

चहा झाला. भिकननं मालकाला शिव्या दिल्या, नव्या रस्त्याचं कौतुक केलं. महानगरपालिका आता रात्रीसुद्धा झाडते म्हणाला. हिलाल ऐकत होता. शेवटी कप खाली ठेवून त्यानं सांगितलं, "सुवर्णा, नवमीले जेवाले ये. भागीरथीनं ताट शे."

सुवर्णानं कप उचलले. मोरीपर्यंत गेली. तिथून म्हणाली, "मना उपास शे त्या दिवशी."

"नवमीले?"

"गुरुवारना."

"नवमी गुरुवारनी नही सुवर्णा."

भिकन मध्येच म्हणाला, "दादा, पोरे लहान शेत. तू समजी ले." आणि मग, जणू त्यानंच काही चोरलं असावं तसा, खाली बघत म्हणाला, "माले काय वाटत नही. पन तो फोटू सर्वासनी देखेल शे."

हिलाल उठला. सुवर्णा मोरीतून बाहेर आली नाही. नळ चालू होता, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता.

*

हिलाल पाटील शिंदखेड्याकडचा. बापाची दोन बिघे जमीन भावात वाटली गेली तेव्हा तो सुरतेला आला आणि लूमवर लागला. तेव्हा तो पोरगा होता. आता त्याच्या कानांत यंत्रांची खडखड कायमची भरली होती. सुटीच्या दिवशीही तो मोठ्यानं बोलायचा आणि समोरच्याच्या ओठांकडे बघायचा. चार लूम सांभाळायचे, तुटलेला धागा जोडायचा, कांडी बदलायची, पुन्हा चालू करायचं. कारखान्यात धाग्याचा भुरका उडत राहायचा, भिंतींवर राखेसारखा बसायचा. म्हणून लूमवरची माणसं नाकातोंडावर रुमाल बांधतात. पाळी सुटली तरी कितीकदा तो सोडायचं भान राहत नाही. घरी येऊन बायकोशी बोलताना लक्षात येतं, की आपण रुमालातून बोलतोय. भागीरथी त्याला म्हणायची, "तोंड दाखाड ना, मनं लगीन तोंडसंगे लागेल शे."

भागीरथीचं काळीज लहानपणापासून खराब होतं. सांधे धरून ताप यायचा पोरवयात, त्यानं झडप बिघडली, असं एका डॉक्टरनं सांगितलं होतं. जिना चढली की ओठ निळे पडायचे. तरी ती घरी साड्यांना टिकल्या लावायची, तिनं एका मुलीला वाढवलं, आणि पाण्याच्या रांगेत भांडायची सगळ्यांत पुढे.

गेल्या वर्षी, भाद्रपदातच, गणपती बुडवून झाले आणि दोन-चार दिवसांत शहर उठलं. कोणी म्हणालं नदीत विष टाकलं. कोणी म्हणालं हवा वाईट आहे. मग रेडिओनं नाव सांगितलं आणि त्या नावापुढे कोणी थांबलं नाही. माणसं मिळेल त्या गाडीच्या टपावर बसून पळाली. चाळीतल्या खोल्यांना कुलपं लागली. औषधाच्या दुकानांपुढे मारामाऱ्या झाल्या. रस्त्यावरच्या डॉक्टरांनी शटर ओढलं आणि तेही गेले. हिलालही निघाला असता. पण भागीरथीला टपावर बसवून कुठं नेणार?

त्या सकाळी तो रात्रपाळी करून आला तेव्हा तिला श्वास पुरत नव्हता. ती भिंतीला टेकून बसली होती आणि नुसत्या डोळ्यांनी बोलत होती. मुलगी सुषमा तिच्या पाठीवर हात फिरवत होती. नेहमीच्या डॉक्टरचं शटर खाली. रिक्षावाल्यानं बाईचा श्वास पाहिला आणि रिक्षा वळवली. मग हिलालनं भाजीवाल्याची लारी मागून आणली. सुरतेत हातगाडीला लारी म्हणतात. तिच्यावर गोधडी अंथरली, भागीरथीला निजवलं, वर चादर घातली. रस्त्याकडेला कचऱ्याचा ढीग कुजत होता, त्याच्या वासानं तिनं चादर नाकापर्यंत ओढून घेतली. हिलाल लारी ढकलायला लागला. तोंडावर रुमाल तसाच होता, लूमवरचा.

वळणावर एक गोरा माणूस गुडघ्यावर बसलेला होता. तांबूस दाढी, छातीवर दोन कॅमेरे. त्याचं हिलालनं काही मनावर घेतलं नाही. कारण त्याच क्षणी भागीरथी म्हणाली, "हळू ढकल ना. खड्डा शे."

तो खड्डा चुकवून गेला.

मोठ्या दवाखान्यात व्हरांड्यात तिला बाकावर ठेवलं. दुपारनंतर ती गेली. दाखल्यावर हृदयविकार लिहिलं. तपासणी वगैरे काही झाली नाही, तेवढी सवड त्या दिवसांत कोणाला नव्हती. अश्विनीकुमारच्या घाटावर तिला जाळायला हिलाल, सुषमा आणि लारीवाला असे तिघेच होते.

*

तो फोटो आधी परदेशातल्या एका मासिकात आला. मग इथल्या इंग्रजी पेपरात, मग गुजरातीत, आणि शेवटी धुळ्याकडे जाणाऱ्या एका मराठी पेपरात. हिलालनं तो पहिल्यांदा पाहिला तो कारखान्यात. शेठ रमणिकभाईंकडे दुबईचा एक व्यापारी यायचा, त्यानं ते मासिक आणलं होतं. शेठनं हिलालला केबिनमध्ये बोलावलं, पान उघडून समोर धरलं.

"हिलालभाई, तमे तो फेमस! आखी दुनिया ओळखे छे तमने."

चकचकीत कागद. रस्ता, ढीग, लारी, चादर. मागे एक माणूस, डोळ्यांखालचं सगळं तोंड रुमालात. हिलालला आधी वाटलं दुसराच कोणी आहे. मग पायांतली चप्पल ओळखू आली.

"नीचे क्या लिखा है?" त्यानं विचारलं.

दुबईच्या व्यापाऱ्यानं वाचून सांगितलं. प्लेगनं मेलेल्या बायकोला नवरा स्मशानात नेतो आहे. सुरत, भारत.

"मेलेली नव्हती," हिलाल म्हणाला. "इसमें जिंदा है. देखो, चादर खुद पकडी है उसने."

व्यापाऱ्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. चादरीच्या काठावर बोटं दिसत होती, चार. त्यानं मान हलवली, पण त्याला ते महत्त्वाचं वाटलं नाही. तो शेठला सांगू लागला, की तिकडे सुरतेचा माल आला की गोदामातली पोरं फडकी बांधून गाठोडी उघडतात. एकानं तर त्याला विचारलं, तुमच्या सुरतेत घरं आहेत का, की सगळे रस्त्यावरच राहतात? शेठ हसले. हिलालही थोडा हसला, कारण समोर शेठ होते.

नंतर किती दिवस तो त्या कागदाचा विचार करत राहिला. लूमवर धागा जोडताना करायचा. त्या सकाळी रस्त्यावर आणखी बरंच काही होतं. ढिगाच्या समोरच इस्त्रीवाला रोजच्यासारखा विजारींवर पाणी शिंपडत होता. कोपऱ्यावर एक म्हातारी दूध विकत होती आणि सुट्ट्या पैशांवरून भांडत होती. ते सगळं कागदाच्या कडेच्या हातभर बाहेर राहिलं होतं. कागदाला कडा होती, आणि त्या कडेच्या आत सुरत मेलेली होती आणि भागीरथीही. दूर कुठेतरी, ज्या गावांची नावं त्याला उच्चारता येणार नाहीत, तिथं माणसं सकाळी चहा पिताना तिला मेलेली बघत होती. आणि त्या वेळी ती खड्डा दाखवत होती.

तिकडच्या माणसांचं त्याला वाईट वाटलं नाही. ती कुठं भेटणार होती? वाईट हे झालं, की तिकडून फिरून ती बातमी त्याच्याच गावात गेली, आणि तिकडून आली म्हणून खरी झाली. पुढे अस्थी घेऊन तो गावी गेला तेव्हा भाऊ उखा त्याला फाट्यावरच भेटला. बस गेल्यावरची धूळ दोघांमध्ये खाली बसत होती.

"दादा, रागे भरू नको. गावमा फोटू पोची गया. लोके म्हनतस, आते नको."

"काळीज बंद पडनं तिनं, उखा. तुले माहीत शे. तिनं काळीज कवयनं खराब व्हतं."

"माले माहीत शे."

"मंग?"

"पेपरमा छापेल शे ना दादा." उखाला खरोखर त्रास होत होता. "परदेशना लोके खोटं कसाले छापतीन? त्यासले आपलासंगे काय वैर शे?"

हिलाल फाट्यावरूनच सुरतेला परतला. याचं उत्तर त्यानं नंतर पुष्कळ शोधलं. अस्थी त्यानं सुरतेलाच तापीत सोडल्या. तापी त्यांच्या मुलखातूनच खाली येते. सुरतेत सोडलेली राख वर गावाकडे जात नाही, समुद्रात जाते.

आणि एक गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नव्हती. दाखल्यावर काही असो, तपासणी कोणी केली नव्हती. श्वास पुरत नव्हता हेही खरं. कधी लूम बंद असताना, अचानक शांत झालेल्या त्या शेडमध्ये, त्यालाच वाटायचं, की छापणाऱ्यांना ठाऊक असेल आणि आपल्यालाच नसेल. मग वीज यायची आणि खडखड सुरू व्हायची.

*

नवमीला सुषमानं सकाळपासून रांधलं. खीर, कढी, उडदाचे वडे, गिलक्याची भजी, डांगराची भाजी. तिला आईच्या हातचं प्रमाण माहीत नव्हतं, चव आठवून ती मीठ घालत होती. ती गुजराती शाळेत शिकलेली. बापाशी बोलताना मध्येच गुजरातीत जायची, तिचं तिलाही कळायचं नाही.

"पप्पा, कोण येणार छे?"

"येई कोनी."

"कोण पण?"

हिलालनं पाट मांडला, ताटाभोवती पाण्याची रेघ ओढली. कौलावर कावळ्याचं पान ठेवून झालं. कावळे आले, त्यांनी काही वाचलेलं नव्हतं. पाट रिकामाच राहिला. दुपार कलायला लागली. खिरीवर साय धरली.

तेवढ्यात गल्लीत कलकल झाली. एक गोरा माणूस आणि त्याच्यासोबत काळा गॉगल लावलेला एक सुरती तरुण घर विचारत येत होते. हिलालनं दाढी ओळखली. त्या माणसानंही हिलालला ओळखलं, पण जरा वेळानं. रुमाल नव्हता ना तोंडावर.

तरुणाचं नाव परेशभाई. तो हिंदी-गुजराती मिसळून बोलत होता. "काका, साहेब तमने एक वरस से ढूंढ रहे हैं. सुरत एक साल बाद, ऐसा कुछ बनाना है इन लोगों को. बे मिनिटनुं काम छे."

साहेबानं दारातूनच गल्ली पाहिली. गल्ली स्वच्छ होती. सरकारी माणसांनी वर्षभरात सगळं उपसून, खरवडून, चुना मारून ठेवलं होतं. महानगरपालिकेच्या नव्या आयुक्तांपुढे रोज हजेरी लागायची, अख्ख्या शहरात कचरा राहिला नव्हता. जिथं ढीग होता तिथं आता एक बाकडं होतं. पाहुण्यानं दोनतीनदा इकडेतिकडे पाहिलं, आणि एखाद्याच्या घरी जावं आणि तो घरी नसावा तसा त्याचा चेहरा झाला.

"साहेब पूछते हैं, वो लारी है क्या? और वो रुमाल?"

"लारी भाजीवाल्याची होती," हिलाल म्हणाला. मग तो उंबऱ्याबाहेर आला. वर्षभर त्याच्या मनात एकच वाक्य घोळत होतं, ते त्यानं हिंदीत नीट जुळवून ठेवलं होतं. "इनको बोलो, फोटो में मेरी औरत जिंदा थी. बात कर रही थी मेरे से. और उसको प्लेग नहीं था. दिल की बीमारी थी."

परेशभाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग इंग्रजीत सांगितलं. दाढीवाल्यानं कॅमेऱ्यावरचा हात काढला. तो वाईट माणूस नव्हता, त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या दिसत होत्या. मग तो हळूहळू काही बोलला.

"बोलते हैं, सॉरी. बोलते हैं, मैं सिर्फ फोटो लेता हूँ. नीचे क्या लिखना है वो उधर ऑफिस में तय होता है."

"उधर किसने देखा उसको?"

हे परेशभाईनं सांगितलं नाही. उलट तो एकदम उत्साहानं म्हणाला, "काका, इसमें फायदा है आपका. साहेब बोलते हैं, नया फोटो छपेगा तो साथ में लिखवा देंगे, वो जिंदा थी. पक्का. पुरानी गलती भी छपेगी. पर फोटो चाहिए. खाली लिखा हुआ वो लोग नहीं छापते."

छापून येईल. धुळ्याच्या पेपरात येईल. उखा वाचेल, फाट्यावर उभा राहून. त्यासले आपलासंगे काय वैर शे.

"काढा फोटो," तो म्हणाला.

दाढीवाला आत आला, वाकून, चपला बाहेर काढून. त्याला पाट दिसला. भरलेलं ताट, भोवती पाण्याची रेघ, आणि समोर कोणी नाही. त्यानं परेशभाईला विचारलं, परेशभाईनं सुषमाला विचारलं, आणि सुषमानं गुजरातीत सगळं सांगून टाकलं. हे आईचं ताट आहे, एका बाईनं जेवायला पाहिजे, त्या फोटोमुळे कोणी येत नाही. दाढीवाल्यानं ऐकलं आणि त्याचे डोळे बदलले. दया होती त्यांत, आणि दयेच्या मागे आणखी काही, लूमचा धागा नेमका सापडला की कारागिराच्या डोळ्यांत येतं ते. त्यानं हिलालला खुणेनं भिंतीशी बसवलं, ताटाच्या पलीकडे. स्वतः गुडघ्यावर बसला. तसाच, वळणावरच्यासारखा.

एव्हाना दारात गर्दी झाली होती. गल्लीतल्या बायका केसांवरून हात फिरवून, पदर सारखे करून आल्या होत्या. सगळ्यांत पुढे प्रमिलाबाई, नवं पातळ नेसून. एवढ्यात कधी नेसली देव जाणे. तिच्यामागे चाळीतली पोरं.

"भाऊ, आम्हनं घरबी दिखी का यामा?"

"तू दिखी ते घर कसाले दिखी," मागून कोणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या. "प्रमिलाबाई, परदेशमा जाशी तू! तुना नवराले, शालिग्रामले, इथंच सोडी दे!"

"तो तं येवाना बी नही. बिडी मियत नही तिकडे."

बोलता बोलता प्रमिलाबाई आत आली आणि पाटाजवळ उभी राहिली. दाढीवाल्यानं कॅमेऱ्यातून डोळा काढला. हातानं, अगदी सभ्यपणे, तिला बाजूला व्हायची खूण केली. परेशभाई म्हणाला, "बाईजी, जरा हटो ने. खाली थाळी जोईए. खाली थाळी और काका, बस."

तेव्हा हिलालला दिसलं, काय छापून येणार ते. भिंतीशी एक थकलेला माणूस, पुढे एक ताट, ताटावर कोणी नाही. बाहेर हसणाऱ्या या बायका नाहीत, चुना मारलेली गल्ली नाही, बाकडं नाही. खाली चार शब्द, की ती जिवंत होती. पण शब्द कोण वाचणार? वर्षभर कोणी त्या चादरीवरची बोटं पाहिली नव्हती. लोक ताट पाहतील. उखा ताट पाहील. सुवर्णा पाहील. सुरतेच्या त्या बाईच्या ताटावर कोणी बसत नाही, हे आता साऱ्या जगाला माहीत होईल, आणि तिकडून फिरून गल्लीत येईल, आणि खरं होईल. मग पुढच्या नवमीला कोण येणार, त्याच्या पुढच्या नवमीला कोण?

त्याला फार दमल्यासारखं झालं. सगळी पाळी करून वर दुसरी पाळी करायला सांगावं तसं.

"प्रमिलाबाई," तो म्हणाला. "बठ."

"कोठे?"

"पाटवर बठ."

प्रमिलाबाईनं एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे, जिथून सासूचं खोकणं ऐकू येऊ शकलं असतं. कॅमेरा तिच्याकडे रोखलेला होता. पातळ नवं होतं. ती बसली. सुषमानं तिला कुंकू लावलं. प्रमिलाबाईनं पदर नीट केला, हनुवटी जरा वर केली, वडा मोडला, कढीत बुडवला आणि तोंडात घातला.

दाढीवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. तो परेशभाईशी बोलला, परेशभाई हिलालजवळ वाकला. "काका, ये नहीं चाहिए उनको. बाई खाती है तो फोटो में क्या बचा? उनको उठाओ ने, एक मिनिट. फिर बैठ जाएंगी."

"आता नाही उठणार."

"एक मिनिट."

"भरल्या ताटावरून उठत नाही आमच्यात," हिलाल म्हणाला. "उठली तर माझी बायको उपाशी राहील."

"फिर वो जिंदा वाला नहीं छपेगा काका."

"नको छापू."

परेशभाईनं गॉगल डोळ्यांवर चढवला. दाढीवाला थोडा वेळ तसाच बसून राहिला, आणखी काही होतं का ते पाहत. प्रमिलाबाई जेवत होती, लग्नाच्या पंगतीत बसतात तशी, ताठ. मग त्यानं लेन्सवर झाकण लावलं, सुषमाला हात जोडून नमस्कार केला, वाकून बाहेर गेला, चपला घातल्या. त्याला संध्याकाळची गाडी होती. गल्लीतली पोरं त्यांच्यामागे नाक्यापर्यंत ओरडत गेली, आणि पोरांमागे बायकाही पांगल्या.

"हाऊ फोटू कसाले काढत नही?" प्रमिलाबाईनं भरल्या तोंडानं विचारलं.

"तो गया."

"गया?" तिचा हात ताटावर थांबला. तिनं दाराकडे पाहिलं, रिकाम्या. मग पुढ्यातल्या उष्ट्या ताटाकडे. उठता येत नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. "मी आते काय करू?"

"जेव, बहीन."

ती जेवू लागली. आधी रागानं, भराभर. मग भजी चांगली झाली होती म्हणून जरा हळू. बाहेर कोणी लारीवर केळी विकत गेलं. सुषमा वाढत होती आणि मान वर करत नव्हती. हिलाल भिंतीशी होता तिथंच बसून राहिला. त्याला वाटलं होतं, हे झालं की आपल्याला हलकं वाटेल. नुसती झोप येत होती.

"वड्यामा मीठ कमी शे," प्रमिलाबाई म्हणाली. आणि थोड्या वेळानं, ताटाकडेच बघत, "भागीरथीले काय व्हयनं व्हतं खरं?"

वर्षभरात हे कोणी विचारलं नव्हतं. गावानं नाही, शेठनं नाही, त्या दाढीवाल्यानंही नाही.

"काळीज," तो म्हणाला.

"काळीज?"

"हां."

"मंग आम्हले सांगं का नही?"

त्यानं सांगितलं होतं. याच उंबऱ्यात उभं राहून, हिलाच, दोनदा.

"चुकनं," तो म्हणाला. "खीर ले अजून."

प्रमिलाबाईनं वाटी पुढे केली.